घासलेल्या नाण्याची साक्ष

काही वर्षांपूर्वी शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला नदीच्या वाळूत सापडलेले तांब्याचे एक नाणे आणून दाखविले. एका बाजूस 'श्री' आणि त्याखाली 'शिव' ही अक्षरे अंधुकशी दिसत होती. ती शिवराई असावी, असे आमचे अनुमान होते. अक्षरे उजळावीत म्हणून आम्ही नाणे बारीक वाळू, चिंच व पाणी घालून एका डब्यात हलविले. अर्ध्या तासाने ते लखलखू लागले. मात्र त्यावर अक्षर एकही उरले नव्हते. आम्ही आधी त्याचे वजनही केले नव्हते, की छायाचित्रही काढले नव्हते.

नदी शतकानुशतके जे करते, तेच आम्ही डब्यात केले होते. धातू दगडांसोबत लोळला की नेमके काय घडते? मोहसच्या मोजपट्टीवर तांब्याचे काठिण्य 3 आहे, लोखंडाचे सुमारे 4, तर सातपुड्याच्या नद्यांत विपुल सापडणाऱ्या अकीक दगडाचे सुमारे 7. त्यामुळे झीज मुख्यतः धातूचीच होते. दगडाचा कपचा उडतो. तांबे मात्र लवचीक असल्याने तुटत नाही, दबते. कडा गोलावतात, अणकुचीदार टोके वाकून आत मुडपतात, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि ठोकला गेल्याने तो अधिक कठीण होतो. सर्वांत आधी जातो तो उंच भाग, म्हणजे अक्षरे व चिन्हे.

हाताळून झिजलेल्या नाण्याची गोष्ट निराळी असते. व्यवहारात फिरलेल्या नाण्याची उंच अक्षरे गुळगुळीत होतात, पण अक्षरांमधील सखल जागा सुरक्षित राहते. नदीने झिजवलेल्या नाण्यावर मात्र सर्वत्र, अगदी सखल जागीही, दगडांच्या खुणा असतात. उलट मातीत स्थिर पडून राहिलेल्या नाण्यावर हिरवट पुटे चढतात आणि त्यांच्याखाली कधीकधी अक्षरे शाबूत राहतात. म्हणून झीज हाही एक लेख आहे. ती नाण्याचा प्रवास सांगते. जे नाणे वाहत आले, ते जिथे सापडले तिथलेच आहे असे मानता येत नाही.

खानदेशात ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे. गोमाई व तापी यांच्या संगमावरील प्रकाशे येथे 1954-55 मध्ये बा. के. थापर यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाण युगापासून मध्ययुगापर्यंतची वस्ती तेथे थरांमधून उलगडली. थरातील वस्तू आपल्या शेजाऱ्यांसह बोलते. पात्रातील वस्तू एकटी असते, आणि तिच्याजवळ स्वतःच्या अंगावरील खुणांखेरीज अन्य पुरावा नसतो.

दगड लोळवून चकाकी आणण्याची विद्या आपल्या शेजारीच जुनी आहे. खंबायतचे कारागीर राजपिपळ्याकडील रतनपूरच्या खाणींतील अकीकाचे मणी कुरुंदाची पूड व पाण्यासह चामड्याच्या पिशवीत भरून कित्येक दिवस लोळवीत. तिथे लोळविणे हीच निर्मिती होती, कारण मण्यावर वाचावयाचे काही नसते. आजच्या कारखान्यांतही धातूच्या सुट्या भागांची धार काढण्यासाठी त्यांना दगडी गोट्यांसह फिरत्या पिंपात घालतात. त्या कामी हे योग्यच. पण नाण्याच्या बाबतीत तीच चकाकी म्हणजे पुराव्याचा नाश.

हल्ली जुनी नाणी विकण्यासाठी अशाच रीतीने चमकवली जातात. आम्ही त्यांना दोष देण्याच्या स्थितीत नाही. इतकेच सांगू इच्छितो की, नाणे सापडल्यास ते घासू नये. सापडलेली जागा व खोली टिपावी, वजन करावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. 1878 च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या दडलेल्या मौल्यवान वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते, हेही विसरू नये.

ते नाणे आमच्या टेबलाच्या खणात अजून आहे, आणि आता ते कुणाचेही असू शकते. नव्या वर्गाला इतिहास शिकविताना आम्ही ते प्रथम हातोहात फिरवितो आणि मुलांना विचारतो, यावर काय लिहिले होते? उत्तर कोणालाच देता येत नाही. आणि ते आमच्यामुळे, हेही आम्ही सांगून टाकतो.