24 व्होल्टचा ट्रक आणि 12 व्होल्टचा भोंगा

ज्ञानोबांची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते, मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी भंडीशेगावकडे निघते. टीव्हीवर आपल्याला रिंगण दिसतं, अश्व दिसतात, धावा दिसतो. दिंड्यांचे ट्रक कुणी दाखवत नाही. पण तंबू, भांडी, धान्य, वळकट्या सगळं त्यांतच असतं. चालणारे पोचायच्या आत ट्रक पुढच्या गावी जाऊन राहुट्या ठोकलेल्या आणि चुली पेटलेल्या हव्यात. त्यामुळे पहाटे ड्रायव्हरने चावी फिरवली आणि नुसतंच ‘टक्’ वाजलं, तर तो प्रश्न एकट्या ड्रायव्हरचा राहत नाही. दिवसभर चालून येणाऱ्या अख्ख्या दिंडीच्या जेवणाचा होतो.

वारीत ट्रक तसे नवेच. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला, 19व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. पुढे कित्येक वर्षं सामान बैलगाडीतूनच जायचं. बैल का उठत नाही हे बघायला मीटर लागत नव्हतं!

मोठ्या डिझेल ट्रकमध्ये मात्र ते लागतं, आणि नीट लावावं लागतं, कारण तिथे बॅटऱ्या दोन असतात. का दोन, याची गोष्ट जुनी आहे.

शिशाच्या पत्र्यांची, ॲसिडमध्ये बुडवलेली आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्टन प्लांते यांनी 1859 मध्ये केली. तेव्हा तिला गाडी चालू करण्याचं काम नव्हतंच, गाड्याच नव्हत्या. गाड्या आल्या तेव्हा त्या हँडल मारून चालू व्हायच्या. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलं. यावर अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी 1911 मध्ये उपाय काढला. त्याआधी त्यांनी दुकानातल्या गल्लापेटीला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्यांना कळलं होतं की छोटी मोटरसुद्धा क्षणभर खूप जोर लावू शकते. फक्त तिला सतत राबवायचं नाही. तीच युक्ती 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आली. आपण आजही ज्याला ‘सेल्फ मारणं’ म्हणतो, ते हेच.

त्या पहिल्या कॅडिलॅकची एक गंमत मला फार आवडते. तिच्यातली बॅटरी चार भागांची होती. सेल्फ मारताना हे भाग एकामागे एक जोडले जाऊन 24 व्होल्ट द्यायचे. गाडी चालू झाली की तेच भाग शेजारी शेजारी जोडले जाऊन 6 व्होल्टवर चार्ज व्हायचे आणि दिवे चालवायचे. म्हणजे सेल्फला जोर जास्त हवा आणि दिव्यांना कमी, हे भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

डिझेल इंजिनाने ते वाढवलं. डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटावं. तेवढ्या दाबाविरुद्ध मोठं इंजिन फिरवायचं तर 12 व्होल्टवर प्रचंड करंट आणि मनगटाएवढ्या वायरी लागतील. त्यापेक्षा 12 च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट करणं परवडतं. पहिलीचा प्लस ट्रकला जातो, तिचा मायनस दुसरीच्या प्लसला, आणि दुसरीचा मायनस चासीला.

आता यात भोंगा आणा. भजनाचा ॲम्प्लिफायर, मोबाइल चार्जर, तंबूतले बल्ब ही बरीचशी सामग्री 12 व्होल्टची. ट्रक 24 चा. मग वायरमन सोपा रस्ता काढतो: दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढतो. आणि ती जवळजवळ नेहमी चासीकडचीच असते, कारण भोंग्याचा मायनसही चासीलाच टेकवायचा असतो. रात्रभर हरिपाठ, बल्ब आणि पन्नास मोबाइल त्या एकीच्या डोक्यावर. दुसरी नुसती बसून.

सकाळी ट्रक चालू झालाच, तरी पुढे आणखी अन्याय होतो. अल्टरनेटर दोघींची बेरीज बघतो, साधारण 28 व्होल्ट. दोघींतून करंट एकच वाहतो. जी रात्री बसून होती ती लवकर भरते, मग उकळते, तिचं पाणी आटतं. जी राबली ती अर्धपोटीच राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट चढत जातं. एकीला अजीर्ण, एकीला उपास. काही महिन्यांनी दोघी खराब, पण कारणं वेगवेगळी.

वेळापुरात मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना असा ट्रक तपासताना पाहिलं. ड्रायव्हर म्हणत होता, ‘दोन्ही गेल्या, दोन्ही बदलतो.’ मिस्त्री म्हणाले, ‘माउली, आधी त्यांना वेगवेगळं विचारू.’ त्यांनी दोन्ही टोकांना मीटर लावला: 23.2. मग तो आकडा सोडून दिला. बरोबर केलं. कारण 23.2 म्हणजे दोन्ही 11.6 असू शकतात, म्हणजे नुसत्या उतरलेल्या. चार्ज करा, सुटाल. किंवा एक 12.7 आणि दुसरी 10.5 असू शकते. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी सुमारे 2.1 व्होल्ट. 10.5 म्हणजे एक अख्खा सेल गेला. ती कितीही चार्ज केली तरी उठणार नाही. बेरीज तीच, रोग वेगळा.

मीटर एकेकीवर लावल्यावर वरची 12.7 निघाली, चासीकडची 10.5. ‘भोंगा हिच्यावर आहे ना?’ त्यांनी वायर न बघताच विचारलं. नंतर हायड्रोमीटरने सहाही सेलचं ॲसिड तपासलं. भरलेल्या सेलमध्ये घनता 1.26 ते 1.28 च्या आसपास असते. पाच सेल बरे होते, एकात तरंगणी तळालाच. मग वरच्या बॅटरीवर मीटर ठेवून ‘सेल्फ मारा’ म्हणाले, कारण बसलेली बॅटरी आकडा छान दाखवते आणि जोर लावायला सांगितला की आडवी होते. सेल्फच्या वेळी 12 व्होल्टची बॅटरी साडेनऊ-दहाच्या खाली घसरली तर संशय घ्यायचा. ही टिकली. शेवटी दोघींना जोडणाऱ्या वायरीचे टर्मिनल घासले. तिथली पांढरी बुरशीसुद्धा मेलेल्या बॅटरीचं सोंग घेते, आणि पुष्कळ बॅटऱ्या उगाच भंगारात जातात त्या यामुळे.

एक नवी, एक जुनी असं लावायचं का, यावर दोघांची हुज्जत झाली. पुस्तकी उत्तर ‘दोन्ही एकदम बदला’ असं आहे, कारण नवी आणि जुनी एकाच वेगाने भरत नाहीत. मिस्त्रींनी त्याच क्षमतेची, जरा वापरलेली एक बॅटरी लावून दिली आणि पंढरपूरपर्यंत भोंग्याची वायर काढून ठेवायला सांगितली. भर वारीत मला तेच शहाणपणाचं वाटलं.

यावर खरा इलाज म्हणजे 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांतून सारखं घेतो. आता तो सहज मिळतो, पण ‘एक वायर तर ओढायची’ म्हणून टाळलाही जातो. इलेक्ट्रिक कारमध्ये मात्र तो कंपनीकडूनच येतो. तिथेही बॅटऱ्या दोन: तळाशी शेकडो व्होल्टची मोठी आणि जोडीला 12 व्होल्टची छोटी, जिच्यावर कुलपं, स्क्रीन आणि मोठीला जोडणारा स्विच चालतो. छोटी मेली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही. तिथे मीटर आधी छोटीलाच लावतात.