पोझेनमधली संध्याकाळ

१९५३ साल. पश्चिम बर्लिनमधल्या स्पांडाउ तुरुंगात तुम्ही उभे आहात आणि कोणालाही दिसत नाही आहात. तुरुंग सहाशे कैद्यांचा, कैदी मोजून सात. पहारा मात्र अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियनचा, महिन्या-महिन्याच्या पाळीनं. कैदी क्रमांक पाच, हिटलरचा माजी शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट स्पीअर, बारीक अक्षरात काहीतरी लिहीत बसलाय. कागद कसला, तर शौचालयातला. तंबाखूचं वेष्टनही चालतं. हे चिटोरे एक डच रुग्णसेवक लपवून बाहेर नेतो. कोस्फेल्ट गावी जुना मित्र रूडॉल्फ वोल्टर्स ते टंकलिखित करवून ठेवतो. १९६६ साली सुटका होईल, १९६९ साली आठवणींचं पुस्तक येईल. त्याची एक प्रत तुमच्या काखेत आहे. ती उघडायची ती मात्र जिथं जे घडलं तिथं जाऊन.

८ फेब्रुवारी १९४२, पूर्व प्रशियातलं रास्टेनबुर्ग, हिटलरचं युद्धकाळातलं मुख्यालय. सकाळी फ्रिट्झ टोट या मंत्र्याचं विमान उडतं आणि लगेच कोसळतं. स्पीअरही त्यातूनच निघणार होता. रात्री उशिरापर्यंत हिटलरकडे बैठक झाली म्हणून त्यानं जाणं रद्द केलं. वय ३६, पेशानं वास्तुरचनाकार. हिटलर त्याला बोलावून टोटची सगळी खाती एका दमात त्याच्या गळ्यात घालतो. पुस्तक सांगतं की तेवढ्यात हवाई दलाचा प्रमुख गोरिंग खास रेल्वेगाडीनं धावत आला, त्याचा त्या खात्यांवर डोळा होता. पण वाटप उरकलेलं होतं.

इथून पुढं पुस्तक खरंच रंगतं. नाझी पक्षाचा कारभार पाहणारा बोरमन हिटलरच्या दाराशी ठाण मांडून कोण आत जाईल ते ठरवतो. एसएस या निमलष्करी संघटनेचा प्रमुख हिमलर दुसऱ्यांच्या खात्यांत आपली माणसं पेरतो. जो तो आपल्या पोळीवर तूप ओढतोय, आणि एकच काम दोघातिघांकडे सोपवून हिटलर सगळ्यांना आपल्याच दाराशी भांडत ठेवतोय. असल्या कुरघोड्या वाचायला कोणाला आवडत नाहीत? मलाही आवडल्या. आणि नेमका तिथंच हा लेखक नामानिराळा होतो. कोणी कोणाचा पाय ओढला हे तो इतकं खुलवून सांगतो की भांडण कशासाठी चाललंय हे विचारायचं राहून जातं.

भांडण बऱ्याच अंशी माणसांसाठी होतं. स्पीअर कारखान्यांना किती मजूर हवेत ते सांगायचा. फ्रिट्झ साउकेलची यंत्रणा पोलंड, युक्रेन, फ्रान्समधून माणसं उचलून आणायची. १९४४ मध्ये जर्मनीत राबणाऱ्या परदेशी लोकांची संख्या ७० लाखांच्या वर गेली. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यात साउकेल फासावर गेला. स्पीअरला २० वर्षं.

१० डिसेंबर १९४३. हार्त्स पर्वतात नॉर्डहाउझनजवळ डोंगराच्या पोटात शिरा. रॉकेटचा कारखाना इथं हलवतायत. सुरुंगाचे स्फोट, दगडाचा धुरळा, आणि त्याच बोगद्यात चार मजली फळ्यांवर झोपणारे छळछावणीचे कैदी. तेलाची पिंपं मधोमध कापून वर फळी टाकलीय, ते शौचालय. या डोरा छावणीच्या जाळ्यात पुढं सुमारे ६० हजार माणसं आली, त्यातली जवळपास २० हजार मेली. आज मंत्री पाहणीला आलाय. पुस्तकात तो हादरलेला दिसतो, कैद्यांसाठी बराकी बांधायला सांगतो. सात दिवसांनी मात्र याच कामाच्या वेगाचं कौतुक करणारं पत्र तो एसएसच्या हान्स कामलरला धाडतो.

आता दोन महिने मागं. ६ ऑक्टोबर १९४३, पोझेन, म्हणजे आजचं पोलंडमधलं पोझनान. पक्षाचे प्रांतप्रमुख जमलेत. सकाळी स्पीअर त्यांना दमात घेतो: नागरी वस्तूंचे कारखाने बंद करून शस्त्रांकडे वळवा, टाळाटाळ खपवून घेणार नाही. सभेत चुळबूळ होते. संध्याकाळी हिमलर बोलायला उभा राहतो आणि आडपडदा न ठेवता सांगतो की ज्यूंना मारलं जातंय, बायका आणि मुलंसुद्धा. बोलता बोलता तो स्पीअरचं नाव घेऊन त्याला उद्देशून बोलतो.

काखेतलं पुस्तक काढा. सकाळचं भाषण सापडेल, प्रांतप्रमुखांचा राग सापडेल. संध्याकाळी हे लोक इतके प्यायले की त्यांना धरून खास गाडीत चढवावं लागलं, हेसुद्धा सापडेल. ते एवढे का प्यायले असतील? हिमलरचं भाषण तेवढं पुस्तकात नाही.

१९७१ साली एरिक गोल्डहागन या अभ्यासकानं ही फट दाखवली. स्पीअरचं उत्तर तयार होतं, मी दुपारीच निघालो होतो. त्यासाठी त्यानं जुन्या सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रंही मिळवली. पण त्याच वर्षी डिसेंबरात बेल्जियममधल्या एका विधवेला लिहिलेल्या पत्रात त्यानं कबूल केलं की हिमलर बोलला तेव्हा तो तिथं होता.

उघडपणे तो नाहीच म्हणत राहिला. १९८१ साली त्याचं आणखी एक पुस्तक आलं, हिमलरच्या एसएसनं आपल्या मंत्रालयात कशी घुसखोरी केली त्याच्या तक्रारीचं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला तो लंडनमध्ये मेला. पत्र उजेडात यायला २००७ साल उजाडलं.