कार्यालयीन माहिती आणि कर्मचारी : रिलेशनल डेटाबेस ते एआय एजंट

प्रस्तावना

कोणत्याही संस्थेत हजेरी, वेतन, साठा व विक्री यांच्या नोंदी अनेक हातांनी तयार होतात. त्या वाचण्याची सोय मात्र मोजक्या व्यक्तींकडेच राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित एजंटांच्या साहाय्याने ही माहिती सर्व कर्मचाऱ्यांना खुली करण्याचे प्रयत्न आज होत आहेत. हे प्रयत्न नवे वाटत असले, तरी त्यांमागे अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. माहितीपर्यंत पोहोचण्यात भाषा आणि अधिकार असे दोन अडथळे असतात. तंत्रज्ञानाने प्रामुख्याने त्यांपैकी पहिलाच दूर केला, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

भाषेचा अडथळा

१९६० च्या दशकातील डेटाबेसमधून माहिती काढण्यासाठी ती यंत्रात कोणत्या रचनेत साठविली आहे, हे ठाऊक असावे लागे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रतिमान मांडले. वापरणाऱ्याला माहिती कोष्टकांच्या रूपात दिसावी, अंतर्गत रचनेचा भार त्याच्यावर पडू नये, हे त्याचे सूत्र होते. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही प्रश्नभाषा सादर केली. लेखापाल, अभियंते, नगररचनाकार अशा संगणकतज्ज्ञ नसलेल्या व्यक्तींनी ती शिकावी, अशी त्यांची अपेक्षा होती. ‘एसक्यूएल’ या नावाने ती जगभर रूढ झाली. परंतु व्यवहारात ती मुख्यतः तज्ज्ञांचीच भाषा ठरली.

नेहमीच्या भाषेत प्रश्न विचारण्याचा प्रयोगही त्याच काळातला आहे. विल्यम वूड्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘ल्यूनर’ या प्रणालीला चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांच्या रासायनिक पृथक्करणाविषयी इंग्रजीत प्रश्न विचारता येत. तिची समज मात्र त्या एकाच विषयापुरती मर्यादित होती. ही मर्यादा २०२० नंतरच्या मोठ्या भाषा-प्रतिमानांनी बऱ्याच अंशी ओलांडली. आजचा एजंट साध्या भाषेतील प्रश्नाचे एसक्यूएलमध्ये रूपांतर करतो, तो डेटाबेसवर चालवितो, चूक आढळल्यास पुन्हा प्रयत्न करतो आणि उत्तर वाक्यांत मांडतो.

अधिकाराचा अडथळा

दुसऱ्या अडथळ्याचे स्वरूप संगणकाशी संबंध नसलेल्या एका भारतीय उदाहरणातून अधिक स्पष्ट होते. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने शासकीय कामांवरील मजुरांच्या किमान वेतनाचा प्रश्न हाती घेतला. मजुरांनी कमी काम केल्याच्या नोंदी दाखवून वेतन कापले जाई. त्या नोंदी मात्र मजुरांना पाहू दिल्या जात नसत. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई झाली. तेथे शासकीय कामांच्या नोंदी जाहीरपणे वाचल्या गेल्या आणि त्यांतील खोटेपणा गावकऱ्यांनीच उघड केला. या लढ्याचा माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यामागे मोठा वाटा आहे.

येथे कागद वाचणारे उपलब्ध होते. नकार होता तो कागद दाखविण्यास. दुसरी बाब अशी की, नोंदीची खरी पारख ज्याच्याविषयी ती नोंद आहे, त्यालाच झाली.

निष्कर्ष

एजंट भाषेचा अडथळा दूर करतो. कोणती नोंद कोणी पाहावी, हे मात्र संस्थाच ठरविते. सहकाऱ्याचे वेतन किंवा आजारपण यांची गोपनीयता राखणे न्याय्य आहे. पण गोपनीयतेच्या नावाखाली कर्मचाऱ्याची स्वतःची हजेरी वा कपात त्याच्यापासून लपविली गेल्यास नवे साधन जुनीच व्यवस्था चालू ठेवील. शिवाय एजंटचे उत्तर चुकू शकते. ‘विक्री’ या शब्दात परत आलेला माल धरावा की नाही, एवढ्यानेही आकडा बदलतो आणि ओघवत्या वाक्यात ती चूक सहज झाकली जाते. म्हणून उत्तरासोबत मूळ नोंद दिसणे आणि तिच्यावर हरकत घेण्याची सोय असणे आवश्यक ठरते. कोटकिराना येथे मजुरांना हवी होती ती तपासणीची संधी. एजंटांच्या वापराचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे.