थांबणे, संपणे, ठरवणे : इंग्रजी फ्रेझल व्हर्बच्या अभ्यासाची प्रस्तावना

इंग्रजी चांगले वाचणारा मराठी माणूसही एका जागी हमखास अडखळतो. 'पोस्टपोन', 'कॅन्सल', 'टर्मिनेट', 'डिसकंटिन्यू' हे शब्द त्याच्या ओळखीचे असतात. अर्जात, कार्यालयीन पत्रात तो ते बिनचूक वापरतो. पण इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांच्या रोजच्या बोलण्यात, 'कॅन्सल' सोडला तर, हे शब्द कमीच येतात. तिथे ठरलेले लग्न मोडते ते 'कॉल ऑफ', दंतवैद्याकडे जाणे लांबणीवर पडते ते 'पुट ऑफ', सिगारेट सुटते ती 'गिव्ह अप' आणि वाटाघाटी फिसकटतात त्या 'ब्रेक ऑफ'. यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर लहान मुलालाही ठाऊक असतो. दोन शब्द जोडून आले की अर्थ हातून निसटतो.

ही अडचण आजची नाही आणि एकट्या मराठी वाचकाची तर नाहीच. 1755 साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध करताना सॅम्युअल जॉन्सनने प्रस्तावनेत या जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच, असे त्याचे मत होते, म्हणून त्याने त्या काळजीपूर्वक नोंदवल्या. त्याने तिथे दिलेल्या उदाहरणांत एकदम थांबण्यासाठी 'ब्रेक ऑफ' आहे आणि एखादी गोष्ट करायचे सोडण्यासाठी 'गिव्ह ओव्हर' आहे. या जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच उशिरा रूढ झाले. लोगन पिअरसॉल स्मिथने 1925 च्या आपल्या पुस्तकात ते वापरले आणि त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. जोड्या स्वतः कितीतरी जुन्या आहेत. बाराव्या शतकातील पीटरबरोच्या बखरीत विंचेस्टर शहर शत्रूच्या स्वाधीन करण्याची गोष्ट येते, तिथे 'गिव्ह अप'चेच जुने रूप आढळते. आधी शहर सोडून देणे, मग हक्क, मग सवय आणि शेवटी आशा, असा त्या अर्थाचा विस्तार झालेला दिसतो.

वाचकांनी या विषयाकडे वळावे असे मला मनापासून वाटते, त्याचे कारण असे. या जोड्यांत 'अप', 'ऑफ', 'आउट', 'डाउन' असे जे छोटे शब्द येतात, ते कोणतेही शेपूट लावावे तसे लावलेले नसतात. गोष्ट संपली एवढेच सांगून ते थांबत नाहीत, ती कशी संपली तेही सांगतात. एकच क्रियापद घेऊन पाहू. 'डाय' म्हणजे मरणे. वारा पडतो, गोंगाट ओसरतो, ते 'डाय डाउन'. एखादी चालरीत किंवा प्राण्यांची जात नामशेष होते, ते 'डाय आउट'. रोग पडून झाडे एकामागून एक मरत जातात, ते 'डाय ऑफ'. आणि पावलांचा आवाज दूर जात जात विरतो, ते 'डाय अवे'. शेवट होण्याचे हे चार प्रकार फक्त त्या छोट्या शब्दामुळे वेगळे झाले. 'डाउन'मध्ये जोर उतरत जाऊन स्थिरावणे आहे, म्हणून कारखाना 'क्लोज डाउन' होतो. 'आउट'मध्ये साठा आटणे किंवा ज्योत विझणे आहे, 'ऑफ'मध्ये तुटणे आहे, तर 'अप'मध्ये काम पुरते तडीस जाणे.

आता मराठी वाचकाला एक आनंदाची गोष्ट सांगायला हवी. हे सूक्ष्म कान तुम्हाला जन्मतःच मिळाले आहेत. 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले', 'बोलला' आणि 'बोलून बसला', 'ठरवले' आणि 'ठरवून टाकले' यांतला फरक तुम्हाला कोणी शिकवला नाही. क्रिया कशी पार पडली, सुटकेने की पश्चात्तापाने, हे मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून सांगते. इंग्रजी तेच काम बरेचदा त्या छोट्या शब्दाकडून करून घेते. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे. ती वाचून मग इंग्रजीकडे यावे. वाट पुष्कळ सोपी होते. 'एंड अप'चा अर्थ शब्दकोशात शोधत बसण्यापेक्षा 'नको ते करून बसला' हे वाक्य आठवावे. ध्यानीमनी नसताना भलत्याच ठिकाणी किंवा स्थितीत जाऊन पडणे, हा त्याचा गाभा लगेच कळतो.

दुसरी मदत भाषेच्या थरांची. 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे', 'धूम्रपानाचा त्याग करणे' आणि 'विडी सोडणे' यांत आपण प्रसंग पाहून निवड करतो. 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ' यांचे नाते साधारण तसेच आहे. पण फ्रेझल व्हर्ब म्हणजे हलकी भाषा, असा समज करून घेऊ नका. 'वाइंड' म्हणजे गुंडाळणे. त्यावरून आलेला 'वाइंडिंग अप' हा शब्द आपल्या 2013 च्या कंपनी कायद्यातही आहे. धंद्याचा गाशा गुंडाळला असे आपण म्हणतो, त्याच्या हे किती जवळचे आहे!

ठरवण्याची क्रियापदे मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण त्यांत निर्णयाची सगळी वाटचाल दिसते. माणूस आधी बाजू तोलतो, 'वे अप'. शांतपणे विचार करतो, 'थिंक ओव्हर'. नको ते बाद करतो, 'रूल आउट'. मग एका गोष्टीवर येऊन स्थिरावतो, 'सेटल ऑन'. आणि कधी ऐनवेळी कच खातो, 'बॅक आउट'. 'डिसाइड' या शब्दाचे मूळही लॅटिनमधल्या कापण्याच्या क्रियापदात आहे. एकदाचा काय तो तुकडा पाडा, असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते परके वाटू नये.

दोन ठिकाणी सावध राहा. 'कॉल ऑफ'मध्ये सर्वनाम मध्येच बसते: 'कॉल इट ऑफ' बरोबर, 'कॉल ऑफ इट' चूक. आणि 'स्टॉप' या साध्या क्रियापदापुढे 'स्मोकिंग' आले तर विडी ओढणे थांबले, 'टु स्मोक' आले तर विडी ओढायला थांबला. मराठीत 'ओढणे' आणि 'ओढायला' हा भेद तुम्ही रोज पाळता, तोच इथे पाळायचा.

वाचकांनी याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नये. आजच्या लेखकाची एखादी कथा किंवा क्रिकेटचे धावते वर्णन घ्यावे; पावसाने सामना 'कॉल ऑफ' झाला की फक्त 'पुट ऑफ', हे नीट ऐकावे आणि सापडलेले वाक्य आख्खे उतरवून घ्यावे. सुरुवात 'ऑफ'पासून करा. 'अप' मागाहून घ्या. त्याच्या छटा पुष्कळ आहेत आणि त्यांना सवडीने वेळ द्यावा लागतो.