काजळीवरची रेघ

संगणकावर सूर घडवणारी जी सिंथेसायझर सॉफ्टवेअरे असतात, त्यांत लाटेची एक खिडकी असते. तीत डोंगरदऱ्यांसारखी नागमोडी रेघ दिसते. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, वरखाली हवेचा दाब हलतो. एवढेच तिचे व्याकरण. घरातली मुले माऊसने ती रेघ वाकवतात आणि आवाज पालटतो. पण वाचकहो, या रेघेचा मूळपुरुष गवईही नव्हता आणि यंत्रविशारदही नव्हता. तो होता पॅरिसच्या छापखान्यातला, मुद्रिते तपासणारा एक गृहस्थ!

एदुआर-लेओं स्कॉट द मार्तेंव्हील हे त्याचे भारदस्त नाव. एका शास्त्रीय ग्रंथाच्या कामात कानाच्या रचनेच्या आकृत्या त्याच्या नजरेस पडल्या आणि त्याच्या मनात आले, कानाचा पडदा हलतो तसा कृत्रिम पडदाही हलेल; त्याला राठ केस चिकटवला तर तो लिहीलही. १८५७ साली त्याने पेटंट घेतले. नळकांड्यावरच्या कागदाला दिव्याची काजळी धरायची, नळकांडे हाताने फिरवायचे आणि कर्ण्यासमोर गायचे; केस काजळी खरवडून रेघ उमटवीत जाई. ती वाजवून ऐकावी हे मात्र त्याच्या बेतातच नव्हते. लघुलिपीसारखी ती डोळ्यांनी वाचायची होती. पुढे १८७७ साली एडिसनचा फोनोग्राफ बोलू लागला, टाळ्या त्याला मिळाल्या, आणि १८७९ साली स्कॉट बिचारा वारला.

२००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचा ९ एप्रिल १८६० चा कागद संगणकाकडून वाजवून घेतला. ‘ओ क्लेर द ला ल्यून’ या फ्रेंच लोकगीताचे सूर निघाले, तेही एखाद्या मुलीच्या कोवळ्या आवाजात! जग हळहळले, हरखले.

गंमत पुढेच आहे. हाताने फिरवलेल्या नळकांड्याची गती कमीजास्त व्हायची, म्हणून शहाण्या स्कॉटने आवाजाशेजारी नादकाट्याचीही रेघ उमटवून ठेवली होती. काटा सेकंदाला ५०० कंपनांचा. पण त्या काळचे फ्रेंच लोक जाणे एक कंपन आणि येणे दुसरे, असे मोजत; आपल्या हिशेबाने तो काटा २५० चाच. २००९ साली ही चूक ध्यानात आली, गती निम्मी केली, आणि मुलगी नाहीशी होऊन एक पुरुष संथपणे गाऊ लागला. बहुधा तो स्कॉटच! रेघ तीच होती; बदलले होते फक्त काळाचे माप.

पुढे १९७९ साली सिडनीत फेअरलाइट यंत्र निघाले. त्याच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने हवी तशी लाट काढावी आणि वाजवावी! वाचण्याची रेघ आता लिहिण्याची झाली. तरी ती फसवी राहिलीच. सुरातल्या उपस्वरांचे प्रमाण न बदलता त्यांच्या सुरुवाती नुसत्या मागेपुढे केल्या, तर आकृती ओळखू येऊ नये इतकी बदलते, आणि स्थिर सुरात कानाला फारसा फरक जाणवत नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने हे १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडले, तेव्हा स्कॉट हयात होता.