वाळवंटातली शमी

थरचं वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे. ऊन, वारा, वाळू आणि तुटपुंजा पाऊस ही झाली त्याची निर्जीव बाजू. तिला सजीवांशी जोडते खेजडी, म्हणजे आपली शमी. तिची मुळं खोलवरचं पाणी ओढतात, वाळू धरून ठेवतात. पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना. जांभोजींनी १४८५ साली बिश्नोई पंथ स्थापला, तेव्हा हिरवं झाड तोडू नये असा नियमच घातला. पुढे १७३० साली जोधपूर दरबाराला चुना भाजायला लाकूड हवं झालं. खेजडली गावी अमृतादेवी झाडाला बिलगल्या आणि कापल्या गेल्या. त्यांच्यासह ३६३ जणांनी प्राण दिले, असं परंपरा सांगते. अखेर महाराज अभयसिंहांनी तोड थांबवली. गुरुजी, दसऱ्याला शमी पुजताना मुलांना ही हकिकत जरूर सांगा.