नारू, दिवड आणि कासव

पावसाळा सुरू झाला, की गोदाकाठच्या गावांमधून एक प्रसंग हमखास घडतो. पुणतांब्याचेच घ्या. चांगदेवांच्या समाधीमुळे आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानकामुळे हे गाव आपल्याला ठाऊक असते. नदीला पाणी चढते, ओढे-नाले भरतात, उन्हाळाभर चिखलात निजलेली कासवे बाहेर पडतात आणि एखादा विद्यार्थी त्यातले एक पिशवीत घालून थेट वर्गात आणतो. बहुधा ते मऊ पाठीचे कासव असते. मागचे पाय आत घेतले, की पोटाकडच्या झडपा मिटून घेणारे, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. मुले त्याला घमेल्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी घमेल्याच्या तळाशी विष्ठेत पांढरे, वळवळणारे दोरे दिसतात. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते वावडिंग द्या, कोणी लसूण, कोणी कडुलिंबाचा पाला. आपल्याला जंत झाले की आजी हेच देत असे, मग कासवाला का नको?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरामागे बराच मोठा इतिहास आहे. त्याचे काही धागे आपल्या दख्खनच्या विहिरींपर्यंत येतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर एक अध्याय आहे. वीस प्रकारचे कृमी, त्यांची स्थाने आणि उपचार असा त्याचा विस्तार आहे. उपचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून बाहेर काढणे. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे ज्या वातावरणात कृमी वाढतात ते तिखट, कडू, तुरट द्रव्यांनी बिघडवणे. तिसरी निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणाने कृमी होतात ते कारणच टाळणे. वावडिंग दुसऱ्या पायरीवर येते. पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, आणि किरमाणी ओवा यांचाही जंतांवर पूर्वापार उपयोग होत आला. किरमाणी ओव्यातले सँटोनिन १८३० मध्ये वेगळे केले गेले आणि पुढे शंभरेक वर्षे ते जगभर जंतांवरचे प्रमुख औषध होते. मात्रा थोडी जास्त झाली, की रोग्याला सगळे जग पिवळे दिसू लागे. वनस्पतीतून आलेले औषध सौम्यच असते, असा समज ज्यांचा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच अध्यायात आणखी एक शब्द येतो आणि माझ्या मते तो फार महत्त्वाचा आहे. हे वीस प्रकार 'सहज' कृमी वगळून आहेत, असे तेथे म्हटले आहे. सहज म्हणजे शरीराबरोबरच असणारे, रोग न करणारे. कासवाकडे वळल्यावर हा शब्द पुन्हा लागणार आहे.

आता नारू. आजच्या विद्यार्थ्यांनी तो पाहिलेला नाही, पण साठी ओलांडलेल्या अनेक शिक्षकांनी पाहिला असेल. पायावर फोड येतो, तो फुटतो, आत हातभर लांबीचा पांढरा दोरा दिसतो. तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. चरकाच्या भाषेत हे शुद्ध अपकर्षण. हा कृमी शरीरात शिरतो कसा, हे १८७० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेंको यांनी दाखवले. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरला, की फोडातून अळ्या पाण्यात पडतात. सायक्लॉप्स नावाचा पिसवाएवढा जलचर त्या गिळतो आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होतो. मुंबईत परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (नंतरची हाफकिन संस्था) १९१० च्या दशकात लिस्टन आणि तुरखुड यांनी नारूवर काम केले.

औषध मात्र कधीच सापडले नाही. १९८३-८४ मध्ये भारतात नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत वर्षाला सुमारे ४० हजार रोगी होते. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसवले, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिण्याची सवय लावली. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. एकही गोळी न देता एक रोग गेला. तिसऱ्या पायरीचा, निदानपरिवर्जनाचा, इतका स्वच्छ दाखला दुसरा नसेल.

याचा कासवाशी काय संबंध, असे आपण विचाराल. नारूच्या कृमीचे कुळ ड्रॅकुन्क्युलस. या कुळातल्या अनेक जाती माणसात नव्हे, सरपटणाऱ्या प्राण्यांत राहतात. अमेरिकेतल्या चावऱ्या कासवात एक जात सापडते. आपल्याकडे, विहिरीच्या कपारीत बेडूक-मासे धरत बसणाऱ्या बिनविषारी दिवडातून १९६९ मध्ये देशमुख यांनी ड्रॅकुन्क्युलस आली या जातीचे वर्णन केले. म्हणजे विहिरीच्या पायरीवर माणूस आणि कपारीत दिवड, दोघांच्या कातडीखाली एकाच घराण्याचे कृमी! माणसातला गेला, दिवडातल्याला कोणी हात लावलेला नाही आणि लावण्याचे कारणही नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांतील परजीवींचा अभ्यास भारतात झाला तो केवळ जंतांचा नव्हे, रक्तातल्या परजीवींचाही. १८९७ मध्ये प्लेगच्या कामासाठी पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर भारतात आले. उंदरावरील पिसू प्लेग पसरवते, हे त्यांनी १८९८ मध्ये कराचीला केलेल्या प्रयोगाने दाखवले. पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव येते ते इतक्यापुरतेच. पण या गृहस्थांनी भारतातील कासवे आणि सुसरी यांचे रक्तही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९०१ मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यातील परजीवींची वर्णने छापली. आपल्या मऊ पाठीच्या कासवाच्या तांबड्या पेशींत सापडलेल्या परजीवीला त्यांनी हीमोग्रेगारिना लाव्हेरानी असे नाव दिले. हिवतापाचा परजीवी शोधणारे लाव्हराँ यांच्या सन्मानार्थ. रोनाल्ड रॉस यांचा डासाचा शोध १८९७ चा. तेव्हा रक्तातला परजीवी म्हटले, की आता चावणारा कोण, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. कासवाला डास फारसा चावत नाही. मग कोण? म्युरिअल रॉबर्टसन या संशोधिकेने १९१० मध्ये श्रीलंकेतील काळ्या कासवांवरच्या कामातून उत्तर दिले: जळू. हे काळे कासव आपल्या महाराष्ट्रातही आहे, आणि कासवाच्या मानेला किंवा काखेत चिकटलेली जळू कोळ्यांच्या मुलांना नवी नाही.

एवढा सगळा परिवार अंगाखांद्यावर घेऊन कासव जगते कसे? खरे तर आरामात जगते. पालेभाज्या आणि गवत खाणाऱ्या जमिनीवरील कासवांच्या मोठ्या आतड्यात बारीक सुतासारखे कृमी हजारोंनी असतात आणि प्राणी ठणठणीत असतो. हे कृमी आतड्यातला चोथा ढवळून पचनाला मदत करत असावेत, असेही काही अभ्यासक मानतात. चरकाचा 'सहज' हा शब्द येथे चपखल बसतो. बिघडते ते आपण त्याला घमेल्यात किंवा काचेच्या पेटीत ठेवतो तेव्हा. रानात कासव विष्ठा टाकून पुढे निघून जाते. कोंडलेले कासव त्याच जागी फिरते, तेथेच खाते. काही जंतांची अंडी काही दिवसांत पक्व होऊन पुन्हा त्याच्याच पोटात जातात. शंभराचे हजार आणि हजाराचे लाख होतात. त्यात थंडी, चुकीचा आहार आणि उन्हाचा अभाव यांनी प्राणी खंगतो, आणि मग दोष जंतांवर येतो.

आता आजीच्या वावडिंगाकडे. माणसाच्या शरीराचे तापमान ठरलेले, अन्न साधारण दोन-तीन दिवसांत बाहेर पडते. कासवाचे शरीर बाहेरच्या हवेप्रमाणे तापते-निवते आणि अन्नाचा प्रवास आठवडा, कधी त्याहून अधिक चालतो. तेव्हा माणसाची मात्रा वजनाच्या प्रमाणात कमी करून देणे हा हिशेबच चुकीचा. लसूण, भोपळ्याच्या बिया, पपईच्या बिया यांनी कासवाचे जंत जातात, असे पक्क्या प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही.

आणि आधुनिक औषध? त्याचीही एक गोष्ट आहे. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून मिळवलेल्या जीवाणूपासून अमेरिकेत विल्यम कॅम्बेल आणि सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन तयार केले. १९८१ पासून ते गुराढोरांसाठी बाजारात आले. इतके प्रभावी, की पुढे माणसांतील नदी-अंधत्वावर वापरले गेले आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गायीला, घोड्याला, मेंढीला चालते, मग कासवाला का नाही, असे पशुवैद्यांना वाटणे स्वाभाविक होते. १९८३ मध्ये टीअर आणि बुश यांनी कासवांच्या काही जातींवर त्याची तपासणी प्रसिद्ध केली. काही कासवांचे पाय लुळे पडले. लाल पायांच्या कासवांना तर गुरांच्या मात्रेपेक्षा कमी औषधही सोसले नाही. हे औषध कृमींच्या मज्जापेशी सुन्न करते. गायीच्या मेंदूभोवतीचा पहारा त्याला आत येऊ देत नाही, कासवाचा पहारा तितका कडक नसावा, असा अंदाज आहे. तेव्हापासून कासवांना आयव्हरमेक्टिन देऊ नये, हा नियम पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आला. त्याऐवजी वापरले जाणारे फेनबेंडाझोलही निर्धोक नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हर्मन जातीच्या कासवांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्याने घटलेल्या आढळल्या. त्या कासवांना जंतांपासून होणाऱ्या त्रासापेक्षा औषधाचा धोका मोठा ठरू शकतो, असा त्याचा अर्थ.

म्हणून आधी तपासणी, मग गरज असेल तरच औषध. ही तपासणी शाळेतही दाखवता येते, मात्र कासवावर नव्हे, शेळीच्या ताज्या लेंड्यांवर. १९२१ मध्ये विलिस यांनी सुचवलेली ही पद्धत अगदी घरगुती आहे. गरम पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालावे आणि ते निवू द्यावे. या द्रावणाची घनता पाण्याच्या सुमारे १.२ पट असते. दोन-तीन लेंड्या त्यात कालवून चहाच्या गाळणीने गाळाव्यात. परीक्षानळी काठोकाठ भरून वर आच्छादन काच टेकवावी. दहा-पंधरा मिनिटांत जंतांची हलकी अंडी वर तरंगून काचेला चिकटतात. काच अलगद उचलून पट्टीवर ठेवावी आणि शंभर पट वर्धनाखाली पाहावी. फार वेळ गेला, तर मिठाचे स्फटिक होऊन सगळे झाकले जाते. पर्णकृमींची जड अंडी मात्र मिठाच्या पाण्यात नीट तरंगत नाहीत. ती दिसली नाहीत, म्हणजे नाहीतच असे समजू नये. हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. १९३९ मध्ये सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी यासाठी रेघा आखलेली काचेची पेटी बनवली. तिच्यामुळे एका ग्रॅममध्ये अंडी किती, हे मोजता येऊ लागले आणि 'जंत आहेत का' याऐवजी 'जंत किती आहेत' असे विचारता येऊ लागले. कासवाच्या बाबतीत हाच प्रश्न महत्त्वाचा.

हात धुण्याचे आणखी एक कारण आहे. दिसायला निरोगी कासवांच्या विष्ठेत साल्मोनेला जीवाणू अनेकदा असतात. मुलांना होणाऱ्या जुलाबांमुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

वर्गात आलेल्या त्या कासवाचे मग करायचे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या देशी कासवांना पाळता येत नाही. मऊ पाठीचे कासव त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर चांदण्यांचे कासवही त्यात गेले. गोदावरीत आणखी एक मोठे मऊ पाठीचे कासव राहते, लीथचे कासव. जॉन ग्रे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. आज ते अतिसंकटग्रस्त आहे. तेव्हा सापडलेले कासव धडधाकट असेल, तर त्याच दिवशी, जेथे सापडले तेथेच पाण्याकाठी सोडावे, पोटातल्या जंतांसकट. जखमी असेल, तर वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. घमेल्यातले पाणी नदीत किंवा विहिरीत न ओतता दूर मातीत ओतावे आणि घमेले उन्हात कोरडे होऊ द्यावे.